चोळण्याआधी तात्यानं जे सांगितलं नाही

आमचा तात्या घाबरट आहे. ही बदनामी नव्हे. आमच्या कन्हेरी गावात कुणालाही विचारा, तेही हेच सांगतील आणि वर चार किस्से सांगून चहा पाजतील. तात्या म्हणजे माझा धाकटा चुलता, रामहरी. वय एकोणसाठ. घरात सगळेच त्याला तात्या म्हणतात, त्याच्या पोरीसकट. तोंडावर मी त्याला ‘तुमी’ म्हणतो. लिहिताना ‘तो’ म्हणतोय, कारण मिरचीचे बाजारभाव सोडून तो काही वाचत नाही.

अर्ध्या एकराच्या शेडनेटमध्ये त्याची ढोबळी मिरची, बाहेर पेरूची बाग. विजेला घाबरतो, म्हणून मोटरच्या पेटीला हात लावण्याआधी पायात रबरी चप्पल, चपलेखाली लाकडाची फळी, आणि फळीशेजारी ‘मी चिकटलो तर काठीनं मार’ असं सांगून उभी केलेली काकी. कुत्र्यांना घाबरतो, म्हणून खिशात कायम बिस्किटाचा पुडा. औषध फवारायचं तर मास्क, गॉगल, हातमोजे. लोक म्हणायचे, “रामहरीराव, चंद्रावर निघाला का?” पण हसणाऱ्यांपैकी तिघं फवारणीची बाधा होऊन सलाइनवर पडून आले. तात्या एकदाही नाही. त्याची भीती अशी कामाची होती, राखणीच्या कुत्र्यासारखी.

असा माणूस मागच्या फेब्रुवारीत इंदापूरच्या एका मालिशीच्या टेबलावर जीव गमावून बसायच्या बेतात होता. आणि त्याला गाडीत घालून तिथपर्यंत नेणारा मी होतो.

झालं असं. डिसेंबरात तात्याच्या रोहिणीला वालचंदनगरचे पाहुणे बघून गेले. मुलगा अद्वय, पुण्यात नोकरीला. त्याचे वडील रघुनाथराव कंपनीत, राहायला क्वार्टरमध्ये. दोन्हीकडून पसंती झाली. फेब्रुवारीतल्या एका रविवारी कन्हेरीत सुपारी फोडायची, म्हणजे लग्न पक्कं करायचं, असं ठरलं. आणि जानेवारीत मिरचीच्या झाडांना सुतळ्या बांधताना तात्या स्टुलावरून पडला. डाव्या पायाचा घोटा तडकला. बारामतीला नेलं, गुडघ्यापर्यंत प्लास्टर, पाच आठवडे.

आता आमच्याकडं एक रीत आहे. ती कुठं लिहिलेली नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. घरात सोयरीक चालू असली की त्या घरात कुणी आजारी नसतं. दमा असेल तर ‘जरा धूळ सोसत न्हाय’. साखर असेल तर ‘पहिल्यापासनं गोड आवडत न्हाय’. मोतीबिंदू असेल तर ‘नजर न लागावी म्हणून काळा चष्मा’. समोरच्यांनाही हे ठाऊक असतं, कारण त्यांच्या घरातही त्या काळात सगळे असेच ठणठणीत असतात.

तात्याला या रितीचा एकदा चटका बसला होता. त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आज्याला, साठाव्या वर्षी लकवा झाला होता. डावा पाय ओढत ते चार वर्षं जगले. दोन वर्षांपूर्वी रोहिणीची एक चांगली सोयरीक ऐनवेळी मोडली, तेव्हा मधल्या माणसानं कारण सांगितलं होतं, “त्यांच्या घरात लकवा हाय म्हणं. बाप गेला, आता लेकाचा नंबर.” हे वाक्य तात्यानं स्वतःच्या कानानं ऐकलं होतं. तेव्हापासून तो सकाळी उठला की आधी डाव्या पायाचा अंगठा हलवून बघायचा. मगच देवाला नमस्कार.

त्यामुळं तात्याचं प्लास्टर हे आमच्या घराचं गुपित झालं. वालचंदनगरचा फोन आला की काकी मिक्सर चालू करायची आणि तात्या ओरडून बोलायचा, “रानात हाय, मोटर चालू हाय, आवाज येतुया का?” पाच आठवडे तो रानात होता. रघुनाथराव एकदा म्हणाले होते म्हणे, “तुमच्याकडं पाणी फारच दिसतंय.”

मंगळवारी प्लास्टर निघालं. कागदावर डॉक्टरांनी लिहून दिलं होतं: सूज किंवा दुखणं वाढल्यास लगेच दाखवा. तात्यानं त्या कागदाची नीट घडी घातली आणि कपाटात ठेवली. बुधवारी त्याची पोटरी दुखायला लागली. गुरुवारी सकाळी सुजली. रविवारी सुपारी. दारात पाहुण्यांसमोर डावा पाय ओढत जायचं, या कल्पनेनंच त्यानं चहाचा कप तसाच खाली ठेवला.

“चोळून घ्या की,” काकी म्हणाली.

आमच्याकडं प्रत्येक दुखण्यावर पहिला इलाज चोळण्याचा. त्यासाठी साखरबाई आहे. गावातली अर्धी बाळं आणि सगळ्या बाळंतिणी तिच्या हाताखालून गेल्यात. ती आली, तेलाची वाटी बाजूला ठेवली, पोटरीवर तळवा टेकवला आणि उचलला. परत टेकवला.

“रामहरी, ह्यो मुरगळलेला पाय न्हाय. मुरगळलेल्या पायाला हात लावला की माणूस शिव्या देतो. ह्यो पाय गप हाय आन् तापलाय. मी त्याल न्हाय लावायची.”

“अगं पण रविवारी...”

“रविवारी काय का आसंना. डागदरला दाव.”

ती गेली. तात्या पांढरा पडला होता. मला त्याचं कारण नंतर कळलं. आज्याला चोळायलाही साखरबाईच यायची, आणि एके दिवशी तिनं असाच हात उचलला होता. तात्याच्या डोक्यात गणित सुटलं होतं: लकवा आला. आणि लकवा आला असेल तर डॉक्टरकडं जाऊन तो कागदावर लिहून घेण्यात काय अर्थ?

“विशाल,” दार लोटून घेत तो म्हणाला, “ते मालिशचं सेंटर असतंय ना, टेबलवालं? तितं बुकिंग कर. बारामतीत नको, बारामतीत समदी वळखीची. इंदापूरला कर.”

मी शहाणा असतो तर कपाटातला कागद काढला असता. मी फोन काढला.

पहिल्या ठिकाणी एका गोड आवाजानं विचारलं, “सर, तेल तिळाचं की लॅव्हेंडर?” बाकी काही नाही. दुसऱ्या ठिकाणचा माणूस म्हणाला, “आणा की पेशंट. असा रगडतो की हाडं मोकळी व्हायला पायजेत.” तात्या फोनला कान लावून होता. “ह्यो कामाचा,” तो म्हणाला. पण त्या कामाच्या माणसाकडं सोमवारपर्यंत जागा नव्हती. तिसऱ्या ठिकाणी शुक्रवारी सकाळची वेळ मिळाली, पण बाई म्हणाल्या, आधी फॉर्म भरून पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर तेरा प्रश्न आले.

“हे मालिशवाले हायेत का पोलीस?” तात्या म्हणाला.

मी वाचत गेलो. गेल्या तीन महिन्यांत हाड मोडलं आहे का, प्लास्टर किंवा ऑपरेशन झालं आहे का?

“न्हाय लिही.”

“तात्या, प्लास्टर परवा काढलंय.”

“त्ये माझ्या पायाला म्हाईत हाय. त्यांना कशाला?”

बरेच दिवस पडून राहावं लागलं का? न्हाय. एकाच पायाला सूज आहे का? न्हाय. ताप? साखर? बीपी? छातीत दुखतं? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या? न्हाय, न्हाय, न्हाय. बाराव्या प्रश्नाला तो थांबला. घरात कुणाला लकवा, हार्ट अटॅक किंवा रक्ताच्या गाठीचा त्रास होता का?

“ह्ये कोण विचारतंय?” त्याचा आवाज बारीक झाला. “कुणी सांगितलं ह्यांना?”

“कुणी नाही. सगळ्यांनाच विचारतात.”

“न्हाय लिही. मोठ्या अक्षरात लिही.”

तेरा वेळा ‘नाही’वर बोट मीच टेकवलं. आज कुणी मला विचारतं, अरे विशाल, आईचे गुडघे दुखतात, मालिशचं बुकिंग करायचंय, काय बघावं? मी सांगतो, आधी तो माणूस शिकलाय काय आणि कुठं ते विचार. मग तो तुला काही विचारतो का ते बघ. जो काहीच विचारत नाही, त्याच्या दारातून मागं फिर. आणि जो विचारतो, त्याच्याशी खोटं बोलू नकोस. लोक पहिली दोन ऐकून घेतात. तिसरं त्यांना स्वतःला लागू नसतं.

शुक्रवारी सकाळी निघालो. काकीला सांगितलं, पेरूचे खोके बघायला चाललोय. उसाच्या ट्रॉल्यांमागून हळूहळू गाडी चालली होती. जंक्शन नावाचं गाव आलं, तिथं वालचंदनगरचा फाटा लागतो. तात्यानं टोपी नाकापर्यंत ओढली आणि सीटवर खाली घसरला.

“तात्या, रघुनाथराव काय फाट्यावर उभे असतात का?”

“उभं राहाणारा उभा राहातो. तू गाडी दाब.”

खाली घसरताना त्याचा पाय दुमडला. कळ अशी आली असावी की त्यानं टोपीचं टोक दातात धरलं. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाला, न्हाय. चौदावा ‘नाही’.

सेंटर साधंच होतं. काउंटरवर एक मुलगी बसली होती, वैदेही नावाची. तिनं तात्याला पाणी दिलं. आणि तात्यानं, आयुष्यभराच्या सवयीनं, ग्लास तोंडाला लावता लावता विचारलं, “गाव कंचं, बाळ?”

“वालचंदनगर, काका.”

पाणी तात्याच्या सदऱ्यावर सांडलं.

“क्वार्टरमदी?”

“हो. बाबा कंपनीत होते ना.”

तात्यानं माझ्याकडं बघितलं. बिबट्यासमोर उभा राहिलेला माणूस तसा बघत असेल. तो कानात म्हणाला, “चल माघारी.” तेवढ्यात आतून हाक आली, “रामहरी काका, या.” आणि तात्या घाबरट असला तरी रीतभात पाळणारा. बाईमाणसानं बोलावल्यावर त्याला पळता येईना.

सुप्रिया मॅडम फिजिओथेरपिस्ट. वय पस्तिशीचं, हातावर घड्याळ नाही, नखं कापलेली. खोलीत एक उंच टेबल, त्याच्या डोक्याकडच्या बाजूला तोंडाएवढं भोक.

“ह्या भोकात तोंड घालायचं?” तात्या म्हणाला. “मग मला दिसणार काय?”

“जमीन.”

“जमीन मी रोज बघतो.”

त्या हसल्या. “काका, आधी पाठीवर झोपा. पायजमा गुडघ्यापर्यंत वर घ्या, बाकी कुठलाही कपडा काढायची गरज नाही. जेवून किती वेळ झाला? बरं. दाब जास्त वाटला की ‘थांब’ म्हणायचं, मी लगेच थांबते. सोसायचं नाही. सोसलं म्हणून जास्त गुण येत नाही.” मग फॉर्म बघत म्हणाल्या, “तुमची तब्येत तर माझ्यापेक्षा चांगली दिसतेय. एकदा तोंडानं विचारते. पायाला काही झालं होतं?”

तात्यानं दाराकडं पाहिलं. दाराबाहेर वालचंदनगर बसलं होतं.

“न्हाय,” तो म्हणाला.

त्यांनी पाय बघितला.  गुडघ्याच्या खाली एका सरळ रेषेपासून पुढची कातडी कोरडी, पापुद्रे सुटलेली होती. त्या रेषेवरून त्यांनी बोट फिरवलं.

“इथपर्यंत प्लास्टर होतं ना?”

“मोजे. पेरूच्या बागेत घालतो.”

“गुडघ्यापर्यंत? पेरूच्या बागेत?”

“लांब मोजे.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. त्यांनी कप्प्यातून शिंप्याची असते तशी टेप काढली आणि दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी चौतीस सेंटीमीटर. डावी अडतीस.

“प्लास्टरमधून निघालेला पाय बारीक झालेला असतो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “हा जाड झालाय.” त्यांनी नडगीवर अंगठा टेकवून उचलला. अंगठ्याची खळी तशीच राहिली. मग त्यांनी तेलाची बाटली उचलली, झाकण घट्ट केलं आणि मागच्या फळीवर ठेवून दिली.

“हा पाय मी चोळणार नाही.”

दोन दिवसांत दोन बायांनी एकाच पायावरचा हात काढून घेतला होता. तात्या उठून बसला, त्यांच्या बाहीला धरलं. “बाई, येवढं करा. रविवारपुरता चालता करा. मग सोमवारी त्या पायाचं काय व्हायचं ते हू दे.” त्याचा खालचा ओठ हलत होता. माझा चुलता मी हजार वेळा घाबरलेला बघितलाय. विनवण्या करताना कधी बघितला नव्हता. 

“मॅडम,” मी म्हणालो, “प्लास्टर होतं. पाच आठवडे. मंगळवारी निघालं. फॉर्म मीच भरला.”

“हळू बोल की रं!” तात्या दाराकडं बघत पुटपुटला. आणि मग त्याच बारीक आवाजात, जणू पायाला ऐकू जाऊ नये असं, त्यांना म्हणाला, “माझ्या बाला लकवा झाला व्हता. साठाव्या वर्षी. ह्याच पायाला. मला म्हाईत हाय ह्ये काय हाय. तुमी फकस्त चोळा.”

सुप्रिया मॅडमनी तळहात त्याच्या पावलापुढं धरला. मग म्हणाल्या, “माझ्या हातावर पाऊल दाबा. जोरात. आता दुसरं. दोन्ही हात वर. दात दाखवा.” तात्यानं भेदरलेल्या तोंडानं दात दाखवले. “काका, लकवा नाही हा.”

“न्हाय?”

“नाही. पण शिरेत रक्ताची गाठ झाली असावी असं मला वाटतंय. पाय पाच आठवडे हलला नाही, रक्त साकळलं. सोनोग्राफी केल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण गाठ असेल आणि मी ती चोळली, तर ती सुटून वर सरकते. फुप्फुसात जाऊन अडकते.”

“आन् मग?”

“मग मला तुमच्या घरी फोन करावा लागला असता.”

 तात्यानं विचार केला. “पण लकवा न्हाय ना?”

“नाही.”

“मग मरायला काय हरकत न्हाय,” तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क आराम दिसला.

मला मात्र फोनवरचा तो दुसरा माणूस आठवला. आदल्या दिवशी ‘असा रगडतो’ म्हणणाऱ्या माणसाकडं जागा असती तर? मला ते टेबल दिसत होतं, त्याच्या भोकातलं तात्याचं तोंड आणि वरून जोर लावणारे दोन हात. त्या माणसाकडं लग्नसराईची गर्दी होती म्हणून माझा चुलता माझ्यासमोर बसून मरणाला हरकत नाही म्हणत होता.

त्यांनी तात्याला पाऊलभरही चालू दिलं नाही. चाकाच्या खुर्चीतून गाडीत बसवलं आणि स्वतः मागं त्याच्याशेजारी बसल्या. हॉस्पिटल पाच मिनिटांवर. पण पाच मिनिटांत इंदापुरात किती स्पीडब्रेकर आहेत ते मला त्या दिवशी कळलं. प्रत्येकावर मला वाटायचं, आता सुटली. आरशात बघावं तर तात्याचा हात सवयीनं पोटरीकडं निघालेला.

“तात्या, हात!”

तो चटका बसल्यासारखा हात मागं घ्यायचा. अर्ध्या मिनिटात परत. दुखऱ्या जागी हात जातो, त्याला काय कळतंय? शेवटी सुप्रिया मॅडमनी त्याचं मनगटच धरून ठेवलं.

“धाप लागतेय? छातीत टोचतंय?”

“बाई, तुमी विचारलं की लागतीया.”

हॉस्पिटलमध्ये सोनोग्राफीसाठी आमच्या पुढं दोघं होते. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या तात्यानं मला जवळ बोलावलं.

“ती काउंटरवरची पोरगी. आत्तापतुर वालचंदनगरला फोन गेला आसंल.”

“ती कशाला करेल? त्यांचा नियम असतो, पेशंटचं बाहेर सांगत नाहीत.”

“तू तिच्या जागी आस्तास तर?”

मी स्ट्रेचरवरची चादर सारखी केली. मी केला असता.

“दुसऱ्याच्या तोंडनं कळायच्या आत आपुन सांगावं,” तो म्हणाला. “लाव फोन.”

लोक नंतर म्हणाले, रामहरीरावांनी काय धाडस केलं! धाडस कसलं, नुसती भीती. एका भीतीनं दुसरीला ढकललं इतकंच. मी रघुनाथरावांचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्या तोंडाजवळ धरला.

“नमस्कार, रामहरीराव! आज मोटर बंद वाटतं?”

तात्यानं डोळे मिटले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. “रघुनाथराव, मी रानात न्हाय, इंदापूरला दवाखान्यात हाय. महिनाभर रानात नव्हतोच, माझ्या पायाला पलस्तर व्हतं, ती मोटर न्हाय, आमच्या मंडळींचा मिक्सर व्हता. आता पायात रक्ताची गाठ हाय म्हणत्यात. माझ्या वडलांना लकवा झाला व्हता, ती बी गोष्ट तुमास्नी सांगितली न्हाय. पोरीला काय न्हाय. पोरगी धडधाकट हाय. लपवलं ते मी, पोरीनं न्हाय. आता तुमी काय ते ठरवा.”

 मी फोन कट झाला का ते बघितलं.

“रामहरीराव,” शेवटी आवाज आला, “तुम्ही आत्ता आडवे आहात का?”

“व्हय.”

“मग आडवेच राहा. रविवारी आम्ही येतो.”

“कन्हेरीला?”

“इंदापूरला.”

फोन ठेवल्यावर तात्या म्हणाला, “मोडायला येत्यात. फोनवर मोडत न्हाईत चांगली माणसं.”

सोनोग्राफीत गाठ निघाली. गुडघ्यामागून वर मांडीपर्यंत गेलेली. डॉक्टरांनी रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू केली, पुढं तीन महिने गोळ्या घ्यायला सांगितलं. मी विचारलं, “हा पाय चोळला असता तर?” त्यांनी लिहिता लिहिता नुसती मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि परत लिहायला लागले. तेवढं मला पुरलं.

संध्याकाळी काकी आणि रोहिणी आल्या. काकी रडली. रोहिणी रडली नाही. ती खाटेशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, “तात्या, तुमी माझ्या सुपारीला लंगडत आला असता तर काय झालं असतं?”

“लोक बोललं असतं.”

“आन् आलाच नसता तर?”

तात्यानं चादर तोंडावर ओढून घेतली. चादरीतून आवाज आला, “तुझं लगीन मोडलं असतं तर मी काय तोंड दावणार व्हतो?”

“मोडलं तर मोडलं. मला दुसरा नवरा मिळंल. बाप कुठून आणू?” असं म्हणून ती पाण्याची बाटली भरायला गेली, आणि बऱ्याच वेळानं परत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. त्या दिवसापासून रविवारपर्यंत तिनं त्याच्याजवळून हलायचं नाव काढलं नाही. त्याचा हात पोटरीकडं गेला की ती नुसती खाकरायची.

शनिवारी वैदेही डबा घेऊन चौकशीला आली. मला राहवलं नाही, विचारलं, वालचंदनगरच्या रघुनाथरावांना ओळखता का? ती म्हणाली, “कोण रघुनाथराव? आमच्या लाइनला नाहीत तसे कुणी.” मी हे तात्याला सांगितलं नाही. मरायला हरकत नसलेल्या माणसाला उगाच पश्चात्तापाचा त्रास कशाला?

रविवारी दुपारी पाहुणे आले. सहा जण आले होते, पण वॉर्डात दोघांनाच सोडलं: रघुनाथराव आणि अद्वयच्या आई मंदाकिनीबाई. तात्यानं सकाळपासून दाढी करून, टोपी घालून, चादर छातीपर्यंत नीट ओढून घेतली होती. त्याची नजर दारावरून हलत नव्हती. रघुनाथरावांनी नमस्कार केला, रिपोर्ट मागितला, खिडकीशी नेऊन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मशीनचा नकाशा वाचावा तसा. मग नर्सला विचारलं, गोळ्या किती महिने? मग तात्याला विचारलं, “वडिलांचं बीपी कधी मोजलं होतं का?”

“आमच्याकडं तवा फकस्त ऊस मोजायचं,” तात्या म्हणाला. हसलं कुणीच नाही.

रघुनाथरावांनी रिपोर्टची घडी घातली. मंदाकिनीबाईंकडं बघितलं. “मग आमचं असं ठरलंय,” ते म्हणाले, “की सुपारी आत्ता करायची नाही.”

तात्याचं तोंड उघडलं. बंद झालं. परत उघडलं. त्याचा हात छातीवर गेला, चेहरा राखेसारखा झाला आणि श्वास वरच्या वर अडकायला लागला. माझ्या कानात सुप्रिया मॅडमचा आवाज घुमला, सुटून वर सरकते. मी ओरडलो. कुणाला हाक मारली मला आठवत नाही. रोहिणीनं त्याचे दोन्ही खांदे धरले. “तात्या! तात्या, माझ्याकडं बघा!” नर्स धावत आली, मागून डॉक्टर. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. मंदाकिनीबाई भिंतीला टेकून देवाचं नाव घेत होत्या. त्या चिमट्यावर आकडा यायला चार-पाच सेकंद लागले असतील. त्या वेळात मी तात्याचं तेरावं घातलं, रोहिणीला पोरकी केली, आणि स्वतःला जन्मभर माफ केलं नाही.

“अठ्ठ्याण्णव,” नर्स म्हणाली. “ऑक्सिजन व्यवस्थित आहे.”

डॉक्टरांनी छाती तपासली, दोन्ही बाजूंनी, सावकाश. “गाठ हललेली नाही. घाबरलेत. काय सांगितलं तुम्ही यांना?”

“मी?” रघुनाथरावांचा घाम गळत होता. “मी एवढंच म्हणालो की सुपारी आत्ता नको! दोन-तीन महिन्यांनी करू, यांच्या गोळ्या होऊ देत! मोडायची कोण म्हणालं?”

तात्यानं एक लांब श्वास घेतला. “दोन महिन्यांनी?”

“मे महिन्यात. तुम्ही बरे झाल्यावर.”

“पयलं ‘मे’ म्हणायचं,” तात्या म्हणाला. “मागनं ‘आत्ता न्हाय’ म्हणायचं.”

नर्सनं आम्हा सगळ्यांना झाडून बाहेर काढलं. रघुनाथराव तेवढे आत राहिले, कारण त्यांचेच पाय लटपटत होते आणि नर्सनं त्यांना स्टुलावर बसवून पाणी दिलं होतं. मी दाराच्या फटीतून बघत होतो.  एक खाटेवर, एक स्टुलावर, दोघांचेही श्वास मोठे.

“तुमास्नी,” तात्यानं विचारलं, “कशाची भीती वाटती का?”

रघुनाथरावांनी दाराकडं बघितलं. मग गुपित सांगावं तसं पुढं वाकून म्हणाले, “लिफ्टची.”

“आजिबात चढत न्हाय?”

“आजपर्यंत पाय ठेवलेला नाही. अद्वयच्या आईलाच फक्त माहीत आहे.”

“आन् ह्यो वॉर्ड तर तिसऱ्या मजल्यावर हाय.”

“जिन्यानं आलो.”

तात्यानं उशीवर डोकं टेकलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्या कपाळावरच्या आठ्या मोकळ्या झाल्या. “मग उतरताना सावकाश उतरा,” तो म्हणाला, “कठड्याला धरून. जिन्याचं लई वाईट असतंय.”